एक माप लहान

"मामा, या वेळी एक माप लहान भरा," तो म्हणाला.

अण्णांच्या हातातला अडकित्ता थांबला. "लहान? लेकीचा हात बारीक झालाय व्हय?"

"तसं नाही. मोठ्या बांगड्या ढिल्या होतात. कामात निघून येतात."

"काम करताना वर सारायची काकणं. कासाराची पोर हाय ती, तिला काय शिकवाय पायजे?"

"नको, लहानच भरा. दुसऱ्या कुणाला नाही जमणार, तुम्हाला जमेल. तुमच्या हातात कला आहे मामा."

अण्णा खूश झाले. माझ्या वडलांना खूश करणं फार सोपं होतं. त्यांच्या हाताचं कौतुक करायचं, की सुपारीचं खांड आधी तुमच्यापुढं यायचं. तसं ते त्याच्यापुढं आलं.

हा माझा नवरा, दिगंबर. कराडला एका सरकारी कचेरीत कारकून. आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती आणि मला न्यायला तो सकाळच्या एसटीनं म्हसवडला आला होता. दुपारच्या गाडीनं आम्ही परत जायचं होतं. त्या काळी मी त्याला 'हे' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. एवढी मुभा मी माझी मीच घेतलीय.

आमच्या घराची ओसरी म्हणजेच आमचं दुकान. भिंतीला काचेच्या काकणांचे चुडे टांगलेले, खाली अण्णांची चटई. पंचमीच्या आधीचे दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसते. नवी काकणं भरल्याशिवाय आमच्याकडं बाई झोक्यावर बसत नाही. पंचमी झाली की मात्र सगळं ओस. जत्रा उठल्यावर माळावर जसं कागद न् चिपाडं राहतात, तसे दुकानात रिकामे खोके आणि काचेचा चुरा उरतो. त्या चुऱ्याच्या पलीकडं बाजेवर तो बसला होता, आणि ओसरीला लागून असलेल्या सैपाकघरात चुलीपुढं मी बसले होते. आई जावयासाठी पुरण वाटत होती.

बाहेर तो नंदाच्या स्थळाविषयी बोलत होता. नंदा माझी धाकटी बहीण, त्या दिवशी मामाकडं गेलेली. "मुलगा बघून घ्या मामा. नुसतं शेत बघू नका, स्वभाव बघा," असं तो सांगत होता. बोलता बोलता, अगदी सहज, मान न वळवता त्यानं आत विचारलं, "काय चाललंय?"

मी डावा हात हलवला. काकणं वाजली. तो पुढं बोलू लागला.

आईनं पुरणातून डोकं वर काढलं. "अगं, जावाई इचारत्यात. तोंडानं सांग की, चा ठिवलाय म्हणून."

"कळलं त्यांना," मी म्हटलं.

पंचमीसाठी मला आणायला अण्णा स्वतः कराडला आले होते. माझ्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं बघून त्यांनी दारातच विचारलं, "काय झालं गं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "भाजलं. वेंधळी आहे तुमची लेक." अण्णा बरं म्हणाले. गाडीत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं, शेंगा घेऊन दिल्या, आणि म्हसवड येईपर्यंत माझ्या हाताकडं न बघता बाहेरच्या बाभळी बघत बसले. आमच्या धंद्यात बाईचा हात बघतात, तोंडाकडं बघत नाहीत, आणि हात बघून काही कळलं तरी विचारत नाहीत. चार गावच्या बायका अण्णांच्या पुढ्यात बसून गेल्या, त्या याच भरवशावर.

आईला मात्र मी सांगितलं होतं. परड्यात धुणं धुताना फडकं सोडून मनगट पुढं केलं. "भाजलेलं न्हाई हे. त्यांनी दाबलं. काकणं फुटली आन् काच आत गेली."

आईनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "फुटली म्हणू ने बाई. वाढली म्हणावं."

"बरं, वाढली. पर मला आता माघारी धाडू नको."

ती बराच वेळ एकच परकर आपटत राहिली. "कुणाच्या घरात न्हाई गं हे? तुजा बाप देवमाणूस, म्हणून तुला नवल वाटतंय. माझ्या आईला इचारायला पायजे हुतंस. नंदाचं ठरतंय बग आता. थोरली माघारी आली म्हणल्यावर कोण उंबरा चढंल? दिवाळी होऊ दे. मग बगू."

जणू माझ्या हालांनाही रांगेत नंबर लावायचा होता, आणि पुढं नंदाचं लग्न उभं होतं. तिला मी दोष देत नाही. तिनं हळद आणि तेल कालवून लावलं, स्वच्छ फडकं बांधलं, आणि मी उठल्यावर तिथंच बसून रडली. मी भांडले नाही. भांडायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. लग्नाच्या चार वर्षांत मी इतकी दमले होते, की पंचमीला डावा हात तेवढा भरून झोक्यावर बसवल्यावर मला वर चढवलेल्या दोराकडं बघून झोपच आली.

लोकांना वाटतं, माराची भीती वाटत असेल. मार रोज नसतो. तो झाला की काही दिवस उलट बरे जातात. दमवतं ते बाकीचं. त्याची सायकल कोपऱ्यावर वळल्याचा आवाज ओळखणं, लुगडं कुठलं नेसायचं ते त्याच्या तोंडाकडं बघून ठरवणं, शेजारीण मिरची मागायला आली होती हे त्यानं विचारायच्या आधी सांगणं, आणि सांगताना तिचा दीर बरोबर होता की नव्हता हेही सांगणं. दिवसभर कान टवकारून राहायचं. आणि वर काकणं.

काकणांची अण्णांना भारी मिजास होती. "आमच्या जावयाला काकणांची लई हौस," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. "दर सणाला निरोप येतोय. दोन्ही हात भरून पायजेत म्हणत्यात. न्हाईतर आजकालची पोरं, बायकूला म्हणत्यात एकच घाल, बास." मग बायका हेव्यानं म्हणायच्या, नशीब काढलं शालननं. आणि अण्णा सगळ्यात खणखणीत वाजणारी काच शोधून कराडला धाडायचे. कासारानं लेकीला दुसरं काय द्यावं?

मी चहा गाळला. बाहेर देऊन आले. परत चुलीपुढं बसले.

"काय चाललंय?"

मी हात हलवला. छन्न. त्याचं बोलणं पुढं सुरू झालं.

दारातून अण्णा दिसत होते. कप त्यांच्या ओठापाशी होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं, म्हणजे माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. चहा बशीत ओतायचा विसरून त्यांनी तसाच गरम प्यायला, आणि त्यांना ठसका लागला.

आई पुरणाचं पातेलं घेऊन परड्यात गेली. मी पोळ्यांची कणीक तिंबत होते, डाव्याच हातानं, म्हणून थांबत थांबत. अण्णा आत आले. "पाणी दे," म्हणाले. मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो खाली ठेवला. माझ्याशेजारी उकिडवे बसले, आणि माझा डावा हात कणकेतून उचलून त्यांनी सगळी काकणं आपल्या मुठीत धरली. घट्ट नाही. काकणं वाजणार नाहीत, इतपत.

मला कळेना, हे काय करतात. मग कळलं, ते आवाज दाबून बघत होते.

"अण्णा, सोडा."

"गप बस."

बाहेर जरा वेळ काहीच आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "काय चाललंय?"

माझा हात आपोआप हलला. अण्णांनी तो हलू दिला नाही.

"काय चाललंय म्हणतो मी." आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढायचा नाही, उलट खाली जायचा. अण्णांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं, त्यामुळं मी किती कापत होते ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

बाज करकरली. पावलं आली. तो सैपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला, आणि त्याचा तो चेहरा, जो कराडच्या दोन खोल्यांच्या बाहेर कुणी कधी बघितला नव्हता, अण्णांनी बघितला. एक क्षणच. मग त्याला अण्णा दिसले आणि हसू परत आलं.

"तुम्ही आहात होय मामा. नाही, आवाज आला नाही, म्हणून म्हटलं…"

"आवाज," अण्णा म्हणाले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. तेवढ्यात म्हातारे झाल्यासारखे उठले. "चला. काकणं भरून घिऊ. गाडीची येळ हुईल."

माझा धीर खचला. मला वाटलं होतं, आता ते काहीतरी बोलतील. ते चटईवर जाऊन बसले, हात धुतले, पुसले, आणि मला समोर बसायची खूण केली. आईला हाक मारली, "साबण आण गं. आन् कोमट पाणी." तंग काकणं भरायची तर साबण लागतोच, आणि एकदा चढली की ती बाईला एकटीला उतरवता येत नाहीत. तो बाजेवर पुढं सरकून बसला. एक माप लहान असलेला चुडा त्यानं आधीच भिंतीवरून काढून मांडीवर घेतला होता. हिरवागार होता, पंचमीला उरलेला.

अण्णांनी माझ्या उजव्या हाताचं फडकं सोडलं. खाली सासूबाईंचं एक काकण होतं. हात रिकामा दिसू नये म्हणून त्यांनी काकणं फुटली त्याच दिवशी आपल्या हातातलं उतरवून घातलं होतं. त्याच्याखाली ते सगळं.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"भाजलं ते," तो म्हणाला.

"तिला इचारतोय."

मी ते फडकं मांडीवर ओढून घेतलं.

"शालन, मी हातच बघत आलो आजवर. किती बायांचं असलं हात ह्या मांडीवर घिऊन त्येंच्यावर नवी काकणं चढवली, त्येचा हिशेब न्हाई. कुणाला येका शब्दानं इचारलं न्हाई. आज इचारतोय. सांग."

त्यांचा आवाज इतका दमलेला होता, की मला त्यांचीच दया आली. बहुधा म्हणूनच मी बोलले. दया आली नसती तर 'भाजलं' म्हणून मोकळी झाले असते.

"दुपारी काकणं काढून ठिवली हुती," मी म्हटलं. "हे आत झोपलं हुतं. मी मागल्या पायरीवर जाऊन बसले. कुणाशी बोलत नव्हते. नुसतं बसायचं हुतं, आवाज न करता. हे उठलं. मग ह्यांनी काकणं परत हातात घातली आन्… वरनं दाबली."

"मामा, बायका एकाच्या चार सांगतात," तो म्हणाला. "सांगून नको का जायला? मी घरभर शोधायची?"

दोन खोल्यांचं घर. अण्णांनी ते बघितलेलं होतं.

त्यांनी माझ्या डाव्या हाताला साबणाचं पाणी लावलं. अंगठ्याखालचा उंचवटा आपल्या अंगठ्यानं आत दाबला, बोटं जुळवली, आणि पहिलं काकण सरकलं. खाली. बोटांवरून बाहेर. मग दुसरं. मला वाटलं, जुनी काढून नवी भरतील. पण नवी भरताना कासार जुनं एक तरी हातात ठेवतो, सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा करत नाही. अण्णांनी शेवटचंही काढलं. मग उजवा हात घेतला, जखमेला धक्का न लावता सासूबाईंचं ते एक काढलं. एकही फुटलं नाही.

आई दारात आली आणि तिनं तोंडावर पदर दाबला. "अवो, ह्ये काय केलंसा! जावाई जित्तं हायती समोर!"

"हायती, म्हणून तर काढली," अण्णा म्हणाले.

तो उभा राहिला. हसू अजून तोंडावर होतं, पण ते आता कुणी काढायला विसरल्यासारखं. "मामा, सवाष्णीचे हात रिकामे केलेत तुम्ही. कासार असून. उद्या गावात तोंड दाखवाल?"

"बगू उद्याचं उद्या."

"दुसरी मुलगी उजवायचीय तुम्हाला."

अण्णांच्या हातून साबणाचं पाणी धोतरावर सांडलं. माझे वडील काही पैलवान नव्हते. गिऱ्हाइकानं जरा आवाज चढवला तर गोंधळून जाणारा माणूस. ते घाबरलेले मला दिसत होते, आणि तरी ते उठले नाहीत. काढलेली काकणं त्यांनी कागदात गुंडाळली, पुडी बाजेवर ठेवली. "हौस तुमची हाय. घिऊन जावा. मी मेला उगं खणखणीत काच हुडकून धाडत हुतो. आपल्या हातानं लेकीच्या हातात घुंगरू बांधत हुतो, जनावराला बांधत्यात तसं. मला वाटायचं, हौस." आणि एवढं बोलून ते रडू लागले, मान खाली घालून, चटईवरच.

त्यानं अण्णांकडं बघितलंच नाही. त्याचं काम माझ्याशी होतं. "चल," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "आहेस तशी चल. पुढचं मी बघतो."

मी बसून राहिले.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

आणि माझा हात हलला. खरं सांगते, मी हलवला नाही, तो हलला. मनगट झटकलं गेलं, जसं दिवसभर झटकायचं तसं. आवाज आला नाही. तो माझ्या हाताकडं बघत होता, मी माझ्या हाताकडं बघत होते. पांढरे पट्टे पडलेलं, साबणानं ओलं झालेलं रिकामं मनगट. इतकं हलकं, की माझं वाटेना.

"मी येत न्हाई," मी म्हटलं.

त्यानं आईकडं बघितलं. मला वाटतं, तिथं त्याला आशा होती. आईनं तोंडावरचा पदर काढला, माझ्याजवळ आली, आणि माझे दोन्ही हात आपल्या लुगड्यानं पुसले. पुसून झाल्यावर तिनं हात सोडले नाहीत.

तो गेला. पिशवी उचलली, चपला घातल्या, गाडी गाठायला गेला. पुडी बाजेवरच राहिली. पुरणपोळ्या झाल्याच नाहीत.

पुढं पुष्कळ झालं. तो माणसं घेऊन दोनदा आला. गावानं महिनाभर चघळलं. नंदाचं ते स्थळ मोडलं, आणि पुढं दुसरं जमलं, तेही आईच्या नवसांनी नव्हे, नंदाच्या शिकण्यानं. रिकाम्या हाताच्या बाईकडून सणाची काकणं कोण भरून घेणार, म्हणून मला बरीच वर्षं दुकानात बसता आलं नाही. अण्णा थकल्यावर मी बसले. आता केस पांढरे झालेत, कुणी काही म्हणत नाही. एखादा नवरा बायकोबरोबर येतो, चपला न काढता दारातच उभा राहतो आणि सांगतो, एक माप लहान भरा. मी त्याच्याकडं बघत नाही. तिच्या हाताकडं बघते, मग तोंडाकडं बघते, आणि म्हणते, ते माप संपलंय.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. अण्णा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. आई चूल विझवून गप्प पडली होती. मी उठले आणि परड्यातल्या मागल्या पायरीवर जाऊन बसले. समोर कुंपणाचा निवडुंग होता, दोरीवर माझाच परकर वाळत होता. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो शीण, चार वर्षांचा, एकदम. मी चौकटीला डोकं टेकलं. ऊन पायावरून सरकत भिंतीवर गेलं, कोंबड्या परड्यात फिरून गेल्या, आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. मी किती वेळ बसले होते कोण जाणे. कुणी काही विचारलं नाही.